असईच्या मैदानी अडकलेल्या खलित्याची हकीकत

सौभाग्यवती शारदाबाईसाहेब यांचे सेवेसी. बाईसाहेबी पुसिले की, गेल्या रविवारी खिचडी चढवून आम्ही बाहेर गेलो, तो सकाळी दहापासून ऊन उतरेपावेतो आमचे दिवाणखान्यात काय रण माजले होते, नुकती धुतलेली हिरवी सतरंजी चहाने कोणी भिजविली, आणि पाहुणे मंडळी आमचे हातची खिचडी तशीच टाकून उठून कैसी गेली, याचा जबाब लेखी द्यावा. घरच्यांच्या तोंडी जबाबावर आमचा इतबार राहिला नाही, ऐसेही बाईसाहेबी कळविले. त्याजवरून जे पाहिले, जे ऐकिले, आणि जे कोणी सांगितले नाही परंतु लेखकास ठाऊक आहे, ते सारे पदरचा मीठमसाला न घालता लिहितो. चिमूटभर पडला असेल तर बाईसाहेब स्वयंपाकाच्या जाणत्या, त्यांस कळेलच.

शके १९४७ विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य दशमी, रविवार. मुक्काम बुलढाणे. आपले यजमान सुधाकरपंत, ज्यांनी चौतीस वर्षे कारकुनी करोन एकही कागद बिनशिक्क्याचा टेबलावरून हलू दिला नाही, त्यांचे मनी आले की, असईची लढाई पुनःश्च लढावी. असई म्हणजे कोठे विलायतेस नव्हे. बुलढाण्याहून दुचाकीने निघोन दुपारचे जेवणास परत यावे इतके दूर. तेथे दोनशेबावीस वर्षांमागे शिंदे आणि भोसले एकीकडे व कंपनीची फौज दुसरीकडे, ऐशी गाठ पडली. शिंद्यांच्या तोफांनी गोऱ्यास रडविले, परंतु दोघा दोस्तांचा आपसांत मेळ नव्हता, आणि कंपनीची सरशी जाहली. ही सल पंतांचे मनी निवृत्तीपासून होती. मग मंडपवाल्याची दोन टेबले जोडोन त्यावर सतरंजी अंथरिली, पोलक्याच्या निळ्या अस्तराची केळणा आणि जुई नदी केली, काडेपेट्यांचे असई गाव वसविले, आणि बोटाच्या पेराएवढे शिपाई, स्वार, तोफा व गोलंदाज मिळोन सातशे असामी मैदानी उभे केले. शिंप्याच्या टेपने चालावे, फाशाने मारावे, आणि पंतांनी न्याय करावा, ऐसा या खेळाचा दस्तूर होता.

सरदारांच्या नावे चिठ्ठ्या टाकिल्या. कंपनीची चिठ्ठी आपली कन्या गार्गीबाई हिजकडे गेली, जिने वकिलीचा काळा कोट औंदाच अंगी चढविला आणि तेव्हापासून घरात कोणास वाक्य पुरे करू दिले नाही. शिंद्यांची पलटणे व तोफखाना धम्मदीपराव, देऊळघाटच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी, यांचेकडे आला. भोसल्यांचे स्वार प्रसेनजितराव, वीज उपकेंद्राचे ऑपरेटर, यांस मिळाले. चिठ्ठी वाचली मात्र, दिवाणखान्यात ऐसे सामसूम जाहले की स्वयंपाकघरातील कुकरची शिटी तोफेगत वाजली. कारण धम्मदीपराव आणि प्रसेनजितराव यांचा आठ महिने अबोला होता, आणि आता दोघे एके बाजूचे दोस्त सरदार ठरले होते.

अबोल्याचे कारण लिहिणे भाग आहे. हे दोघे लहानपणापासून एका ताटातले. धम्मदीपरावांची आई लवकर वारली, तेव्हा प्रसेनजितरावांच्या मातुश्री सिंधूताई यांनी आपले पोरासोबत हेही पोर वाढविले. अभ्यासास बसविले, ताप आला तर उशाशी बसल्या, आणि घरी दोन लाडू असले तर तीन वाटे केले. त्या सिंधूताईंनी जन्म भाड्याच्या खोलीत काढिला, आणि गेल्या एप्रिलात देऊळघाटास लेकाने स्वतःचे घर बांधिले. बुद्धवंदना जाहली, पंगत बसली, सारा गाव जेविला. धम्मदीपराव तेवढे आले नाहीत. ते बुलढाण्यात आपले खोलीवर हातात बारीक ब्रश घेऊन याच खेळातील शिपायांची पलटण रंगवीत बसले होते. प्रसेनजितरावांनी फोन केला, तर उत्तर दिले की, "रंग ओला हाये बे, वाळला का येतो." आले ते दिवस मावळल्यावर. तेव्हा मंडप सुटला होता, बाया भांडी घाशीत होत्या, आणि चुलीपाशी एक झाकलेले ताट होते. प्रसेनजितरावांनी ताट उचलून गाईपुढे ठेविले, आणि त्या दिवसापासून तोंड उघडले नाही.

मग धम्मदीपरावांनी फोन केले ते उचलिले गेले नाहीत, निरोप पाठविले त्यांवर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि जबाब आला नाही. देऊळघाटची शाळा त्या घरापासून शंभर पावलांवर. तरी आठ महिने गुरुजी शाळेस मागच्या पांदीने जात होते, की सिंधूताई ओसरीवर बसल्या असतील तर नजर कोठे न्यावी. मित्राचा राग एक वेळ सोसवतो. ज्या घरी आई भेटली त्या घरचा रस्ता आपणच बंद केला, हे सोसवत नाही. त्यांस लढाई जिंकणे नव्हते. त्यांस फक्त त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवायचा होता.

पंतांस कोणी सुचविले की, चिठ्ठ्या फिरून टाकाव्या. पंत बोलिले, "निंगाली ते निंगाली. सरकारी कामात फेरफार नाई." आणि कानुजाबता वाचून दाखविला, तो येणेप्रमाणे: खऱ्या असईस शिंदे-भोसले एकमेकांपासून दूर होते, सबब येथेही दोस्त सरदारांनी लढाई चालू असता तोंडी बोलू नये. बोलणे ते खलित्याने. खलिता पंतांपाशी द्यावा, पंत तो न वाचता आवक-जावक वहीत चढवतील, शिक्का मारतील, मग त्या नावचा एक जासूद-स्वार मैदानात सुटेल आणि एका डावास फूटभर चालेल, आणि पोहोचलेला खलिता सरदाराने वाचून फाडलाच पाहिजे. वाटेत शत्रूने जासूद धरिला तर खलिता भर दरबारी मोठ्याने वाचला जाईल. आणि जो सरदार नियम मोडून दोस्ताशी तोंडी बोलेल, त्याची तमाम फौज मैदानातून उचलली जाईल. प्रसेनजितरावांनी मान हलविली. बोलायचेच नाही, हा नियम त्यांस आठ महिन्यांपासून पाठ होता.

फौजा मांडिल्या तेव्हा गार्गीबाईंची नजर शिंद्यांच्या तिसऱ्या पलटणीवर गेली. दोन पलटणे लखलखीत, बटणेसुद्धा रंगविलेली. तिसरी मात्र जशी खोक्यातून निघाली तशी करडी. बाई बोलिल्या, "सर, ही पलटण भूत होऊन आली का?" धम्मदीपराव खाली पाहून म्हणाले, "टाइम नाई भेटला." प्रसेनजितरावांनी एक वेळ करड्या पलटणीकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर.

दहा वाजता तोफ जाहली, म्हणजे पंतांनी पितळी डब्यावर चमचा आपटिला. गार्गीबाई लढाईचे पुस्तक वाचून तयार होत्या. त्यांनी केळणेचा उतार साधून लाल कोटवाले नदीपार घातले आणि थेट तोफखान्याचे रोखे चालविले. मग शिंद्यांचे तोफांनी ऐशी सरबत्ती केली की फासा पडे तो पाच नाहीतर सहा, आणि लाल कोटवाले पाच-पाच, सात-सात मैदानातून उचलून साबणाच्या डबीत पडू लागले, ज्यास पंत स्मशान म्हणत. गार्गीबाईंचा चेहरा, उलटतपासणीत साक्षीदार फिरल्यावर वकिलाचा होतो तैसा जाहला.

इतक्यात प्रसेनजितरावांचा पहिला खलिता आला. आरंभीच शिक्का लागून निघालेला जासूद आता कोठे पोहोचला होता. त्यात मजकूर, "कंपनीचे घोडे तुमच्या उजवीकडे येतात. चार तोफा वळवाव्या. भोसले." बस. ना नाव, ना जय भीम. तरी आठ महिन्यांत त्या हाताने लिहिलेली ही पहिली ओळ. धम्मदीपरावांनी ती तीन वेळा वाचिली, तोफा वळविल्या, आणि चिठ्ठी खिशात ठेविली. नियमाने ती फाडून टाकायची होती. पंतांनी पाहिले आणि चष्मा पुसावयास काढिला.

जेवणाच्या आधी सातवा डाव पुरा जाहला तो कंपनीची निम्मी फौज साबणाच्या डबीत. भोसल्यांचे स्वार दुसरे टोकी ताजेतवाने. अजून तीन डाव तोफा जागी राहिल्या आणि भोसल्यांनी बगलेवर घोडे घातले, की दोनशेबावीस वर्षांची सल निघणार, हे शेंबड्या पोरासही दिसत होते. पंतांनी फत्तेची तोफ करावयास चमचा आधीच हाती घेतला. ऐशा आयत्या वेळी धम्मदीपरावांचे मनी निराळेच आले. त्यांनी विचार केला की, हा मनुष्य फोन उचलीत नाही, दार उघडीत नाही, परंतु खलिता आला तर नियमाने त्यास वाचावाच लागेल. मग त्यांनी कागद घेतला, टेबलाला पाठ केली आणि लिहावयास बसले. एक बाजू भरली, कागद उलटिला, दुसरीही भरली. पंतांनी शिक्का मारिला, वहीत नोंद केली, आणि पांढऱ्या घोड्यावरचा जासूद शिंद्यांच्या छावणीतून निघाला. भोसल्यांची छावणी सहा फूट दूर होती, म्हणजे सहा डाव.

परंतु वकिलाच्या डोळ्यात धूळ टाकणे सोपे नाही. गार्गीबाईंनी मनी म्हटले, तोफा वळवा हे लिहावयास दोन बाजू लागत नाहीत. यात मोठी मसलत असली पाहिजे. आणि आपले उरलेसुरले घोडदळ, सारी लढाई सोडून, त्या एका जासुदामागे सोडिले. म्हणाल्या, "बाबा, खलिता धरला तं मोठ्यानं वाचाचा नं?" पंत म्हणाले, "हाव. नियम क्रमांक पाच."

धम्मदीपरावांचे पायाखालची जमीन सरकली. त्या कागदावर जे होते ते एका माणसाने वाचायचे होते. ते भर दिवाणखान्यात, गार्गीबाईंच्या खणखणीत आवाजाच्या घरी, मोठ्याने वाचिले जाणार! मग विचार राहिला नाही. तोफखान्यापाशी होते ते सारे स्वार त्यांनी जासुदाच्या आडवे घातले. ते पुरेनात, तेव्हा तोफांच्या रखवालीची पहिली पलटण हलविली, मग दुसरी, आणि शेवटी ती करडी भुतांची पलटणही काढून त्या एका पांढऱ्या घोड्याभोवती कडे केले. तोफा मागे उघड्या पडल्या, गोलंदाज एकटे राहिले, आणि समोरून लाल कोटवाले तोफांवर परत चालून आले. इतिहासात कोण्या सेनापतीने एका टपालवाल्यासाठी इतकी फौज खर्ची घातली नसेल.

प्रसेनजितरावांस यातले काही ठाऊक नव्हते. त्यांस इतकेच दिसत होते की, जिंकलेली लढाई डोळ्यांदेखत मातीस चालली आहे. त्यांनी ताबडतोब खलिता लिहिला, "तोफा सोडू नका," आणि पंतांपुढे धरिला. पंतांनी शिक्का उचलिला, कागदावर मारिला, तो उमटला नाही. शाई सुकली होती. मग पंत शाईची बाटली शोधावयास कपाटात शिरले. इकडे लाल कोटवाले तोफांपासून वीतभर. प्रसेनजितराव म्हणाले, "काका, शिक्का राहू द्या नं!" आतून जबाब आला, "बिनशिक्क्याचा कागद हलत नसतो, बाबू." प्रसेनजितराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले, कानशिले लाल जाहली, आणि मग दोन्ही हात टेबलावर आपटून ऐसी आरोळी ठोकिली की शेजारचे घरचा टीव्ही बंद जाहला:

"अबे धम्म्या! तोफा सोडून त्या एका घोड्यामागं काऊन धावून राह्यला बे तू? डोकं गहाण ठेवलं का?"

चहाचा पेला उलथला. सतरंजी भिजली ती येथे, आणि दोष द्यायचा तर त्या आरोळीस द्यावा. केळणेस पूर आला, असई गाव वाहून गेले. धम्मदीपराव आ वासून पाहात होते. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते नाव कानी आले होते, ते शिवीसकट आले होते, आणि त्यांस ते इतके गोड लागले की डोळे भरून आले. पंतांच्या कानी न जाईल इतके हळू बोलिले, "बोलला बे तू."

पंत शाई घेऊन परत आले आणि त्यांनी जड अंतःकरणाने हुकूम फर्माविला की, नियम क्रमांक सहाप्रमाणे भोसल्यांची तमाम फौज उचलावी. उचलिली. लाल कोटवाल्यांनी तोफा घेतल्या. कंपनीचे घोड्यांनी कडे फोडून जासूदही धरिला. गार्गीबाईंनी खलिता विजयी मुद्रेने बापापुढे ठेविला आणि अर्ज केला की, आता वाचून दाखवावा.

पंतांनी चष्मा लाविला, कागद उलगडला, पहिल्या दोन ओळी मनात वाचिल्या आणि थांबले. तिसरी वाचिली. मग घसा साफ करोन जाहीर केले की, चहा सांडल्यामुळे मजकूर वाचण्याजोगा राहिला नाही, सबब खलिता ज्याचा त्यास द्यावा. कागद ठणठणीत कोरडा होता. गार्गीबाई बोलावयास तोंड उघडत होत्या, तो पंतांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की त्या जन्मात पहिल्यांदा अर्धे वाक्य गिळून गप्प जाहल्या. चौतीस वर्षांच्या चाकरीत आणि त्यानंतर, पंतांनी कागदाविषयी खोटे बोलण्याचा हा एकच प्रसंग.

प्रसेनजितरावांनी खलिता खिडकीपाशी नेऊन वाचिला. त्यातील मजकूर लेखकाने पुढे पाहिला, तो ऐसा:

"प्रसेनजित, त्या दिवशी मी तुले फोनवर म्हटलं का रंग ओला हाये. रंग अर्ध्या घंट्यात वाळला होता. मंग मी दुसरी पलटण हाती घेतली. वाटलं, घर का कुठी पळून जाते, जाऊ आरामात. पाठीमागून समजलं का मावशीनं मायासाठी ताट झाकलं अन् ती सोता दिवसभर उपाशी राह्यली. तवापासून ब्रश हाती धरला का मले ते ताट दिसते. म्हणून तिसरी पलटण तशीच हाये. माफी मांगाले तोंड नाई, म्हणून लेहून राह्यलो. तोफा तू म्हणशील तिकडे वळवतो. धम्मा."

वाचून जाहला, मग पुन्हा वाचिला. त्यानंतर पुढील सवाल-जबाब जाहले, ते जैसे कानी आले तैसे लिहितो.

"दुसरी पलटण कोनती होती?"

"लाल कोटवाली."

"म्हणजे कंपनीची? दुश्मनाचे लोकं रंगवाले टाइम होता, अन् माया घरी याले नव्हता?"

"हाव."

"अन् हे मले कायले लेहून देतं? मी का उपाशी होतो त्या दिवशी? जिले उपाशी ठेवलं तिले सांग. तिच्यापासून तोंड चोरून मांगच्या पांदीनं शाळेत जातं तू, तिले का दिसत नाई? रोज मले इचारते, धम्मा जेवला असन का. मी का सांगू तिले?" मग प्रसेनजितराव दुचाकीची चावी हाती घेऊन म्हणाले, "चाल. ऊठ. खिचडी राहू दे."

खिचडी राहिली ती यास्तव, बाईसाहेब. तिचा अपमान करण्याचा कोणाचा हेतू नव्हता. आणि उरलेली गार्गीबाई व पंत यांनी दोन वेळा वाढून घेऊन मानाने संपविली.

मग दोघे सरदार एका दुचाकीवर बसोन, अजून बोलत, नव्हे भांडत, देऊळघाटास कूच करते जाहले. ऊन उतरणीस लागले होते. सिंधूताई ओसरीवर तूर निवडीत होत्या. धम्मदीपराव फाटकाशी खिळले. तोफांपुढे छाती काढणारा सेनापती, पण त्याचे पाऊल पुढे पडेना. सिंधूताईंनी वर पाहिले, सूप बाजूस सारिले, आणि काही न पुसता आत गेल्या. फाटकाशी उभे असलेल्यास वाटले, गेली, तोंडही पाहिले नाही. तो मातुश्री ताट घेऊन बाहेर आल्या: ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, आणि वर कांदा फोडलेला. ताट जमिनीवर ठेविले, पाट मांडिला. धम्मदीपराव पाटावर बसले आणि "मावशी, मी त्या दिवशी" इतके बोलून त्यांचा बांध फुटला. तेव्हा मातुश्रींचा हुकूम जाहला की, "आधी जेव. मंग रडजो."

येणेप्रमाणे मार्गशीर्ष वद्य दशमीस असईचे मैदानी शिंदे-भोसल्यांची शिकस्त जाहली, ती गार्गीबाईंनी आपले वहीत लिहून घेतली आहे आणि येत्याजात्यास दाखवितात. परंतु त्याच दिवशी सायंकाळी देऊळघाटचे ओसरीवर खाशी फत्ते जाहली, ती कोणी लिहिली नाही, म्हणून येथे रुजू केली. मुलूख परत मिळाला तो एक ओसरी आणि एक पाट. खर्ची पडल्या भाकरी चार. मयत कोणी नाही. जखमी एक, तो जेवीत आहे.